प्लग अँड प्ले डीएसपी ॲम्प, सेकंड हँड गाडीत आठ महिने वापरून

गाडी दहा वर्षं जुनी घेतली, पुढच्या दरवाज्यांच्या जाळीवर एका नावाजलेल्या साउंडच्या ब्रँडची पट्टी होती, म्हटलं चला साउंडचा प्रश्न मिटला. पण घरी येतानाच कळलं काय ते. आवाज जरा वाढवला की मागच्या उजव्या दरवाज्यातून फरफर, आणि तबल्याचा डग्गा वाजला की नुसता ढब, त्याची गमक कुठेच ऐकू येत नाही. तीस वर्षं तबला ऐकतोय, ती गमक गेली की माझ्यासाठी अर्धं गाणंच गेलं, म्हणून मग मागे लागलो.

ॲम्पबद्दल (ॲम्प्लिफायर, स्टिरिओचा आवाज वाढवून स्पीकरला देणारा डबा) सांगायच्या आधी त्याच्या आधीचं सांगतो कारण तिथेच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. एका फिटरने सांगितलं की साडेसहा इंची स्पीकर आहेत ना, मग कुठलेही बसतील, तर पुढच्या दरवाज्यात चांगले नवे टाकले आणि आवाज आधीपेक्षा कमी झाला! वायर बघितल्या, प्लस मायनस बघितलं, सगळं बरोबर. शेवटी काढून ठेवलेल्या जुन्या स्पीकरला मल्टिमीटर लावला तर १.८ ओहम (स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप), नव्याला ३.४. म्हणजे जुना २ ओहमचा आणि नवा ४ ओहमचा (मीटरवर लिहिलेल्यापेक्षा थोडं कमीच दिसतं). व्होल्टेज तेवढंच आणि ओहम दुप्पट झाले तर पॉवर निम्मी, म्हणजे ३ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) तिथेच गेले. शिवाय कंपनीच्या ॲम्पमध्ये जे ट्यूनिंग असतं ते त्या जुन्या स्पीकरसाठी केलेलं असतं, नव्याला ते लागूच पडत नाही.

म्हणून काहीही घ्यायच्या आधी गाडीत ॲम्प आहे का ते शोधा. जाळीवरच्या पट्टीवर विसंबू नका, पट्टी पडलेली असू शकते, कुणीतरी नंतर चिकटवलेलीही असू शकते. चेसिस नंबरच्या १७ अक्षरांवरून स्पीकर कुठले ते सहसा थेट कळत नाही, पण त्या नंबरावरून गाडीच्या फिटिंगची यादी निघते आणि त्यात कोड असतो. बीएमडब्ल्यूमध्ये ६७६ म्हणजे साधी हायफाय, ६७७ म्हणजे त्याच्या वरची, ६८८ म्हणजे हरमन कार्डन. मर्सिडीजमध्ये ८१० असेल तर वरची साउंड सिस्टिम. जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समध्ये कोडांचा स्टिकर असतो, त्यात यूक्यूए दिसला की वरची सिस्टिम समजा. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांत स्टिकर डिकीत स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात किंवा सर्व्हिस बुकात असतो, तिथे ८आरएम दिसलं तर आठ स्पीकर आणि वेगळा ॲम्प नाही. टोयोटाच्या जेबीएलवाल्या बऱ्याच गाड्यांत स्पीकर २ ओहमचेच असतात, तिथे माझ्यासारखंच होणार.

कोड मिळाला नाही तर वायर बघा, हा उपाय मला सगळ्यात खात्रीचा वाटला. स्टिरिओ बाहेर काढून मागच्या कपलरवरच्या (वायर जोडायच्या प्लगवरच्या) स्पीकरच्या वायरींचे रंग लिहून घ्या, मग दरवाज्याचं पॅड काढून स्पीकरवरचे रंग बघा, जुळले नाहीत तर मध्ये ॲम्प आहे. माझ्या गाडीत स्टिरिओच्या मागे पिवळट-काळी जोडी होती आणि दरवाज्यात गुलाबी, तिथेच ओळखलं. मग ॲम्पचा डबा शोधायचा, सीटखाली, डिकीच्या बाजूच्या आवरणामागे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. माझा सीटखाली निघाला, वर धुळीचा जाड थर. एक मात्र आहे, १९८३ मॉडेलच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत बोसची जी पहिली सिस्टिम आली तिच्यात प्रत्येक स्पीकरला आपापला ॲम्प होता, तिथे डबा शोधत बसलात तर सापडायचा नाही.

आणि कपलरमध्ये नारिंगी रंगाची जाडसर प्लास्टिकची नळी दिसली तर थांबा. ती वायर नाही, ऑप्टिकल फायबर आहे, मोस्ट नावाची पद्धत, २००१ च्या बीएमडब्ल्यू सेव्हन सीरिजपासून ती महागड्या युरोपियन गाड्यांत आली. सगळी युनिट्स एका रिंगमध्ये जोडलेली असतात, मधलं एक काढलं की रिंग तुटते आणि सगळं गप्प. त्यासाठी वेगळा इंटरफेस लागतो, साधा ॲम्प चालत नाही.

आता मूळ गोष्ट. मी घेतला तो आठ चॅनलचा डीएसपी ॲम्प (डीएसपी म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर, प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा जुळवता येतो), कंपनीच्या ॲम्पच्या जागीच बसतो, सोबत माझ्या गाडीचा कपलर असलेला हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) आला म्हणून एकही वायर कापली नाही. बॅटरीची मायनस काढली, सीटचे चार बोल्ट, दोन कपलर, झालं. सीटखाली साइड एअरबॅगचा कपलर असतो म्हणून बॅटरी काढून थोडा वेळ थांबायलाच हवं, यात घाई नको. हार्नेस नसता तर इतक्या सहज झालं नसतं, त्यामुळे आपल्या गाडीचा हार्नेस मिळतो का ते आधी विचारा.

फरक पहिल्या दिवशी फारसा नाही पडला. खरा फरक पडला लॅपटॉप लावून सेट केल्यावर. टेप घेऊन मोजलं, माझ्या बाजूचा स्पीकर कानापासून ८० सेंमी, पलीकडचा १४० सेंमी, म्हणजे ६० सेंमीचा फरक आणि आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंमी जातो, तर जवळच्या स्पीकरला पावणेदोन मिलिसेकंदाचा उशीर दिला. गाणारा दरवाज्यातून उठून समोर काचेच्या मधोमध येऊन बसला, अक्षरशः! आणि स्टिरिओ जसा वाढवू तसा तो बेस कमी करत होता, लहान स्पीकर वाचवायला बऱ्याच कंपन्या असं करतात, तेही डीएसपीमध्ये बऱ्यापैकी सावरता आलं. डग्ग्याची गमक परत आली, मी गाडी बाजूला लावून पूर्ण मध्यलय ऐकली.

मागच्या दरवाज्यातली फरफर मात्र ॲम्पने जाणारच नव्हती. स्पीकरच्या कडेचा फोम बोट लावताच भुकटी होऊन पडला. फोम वयाने सडतो, रबराची कड टिकते, त्यामुळे जुन्या गाडीत सिस्टिमला नावं ठेवण्याआधी कडा बघा. पॅड लावताना आतला प्लास्टिकचा पडदा नीट परत चिकटवा, काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सर दरवाज्याच्या आतला हवेचा दाब बघतो, तिथे भोकं उघडी राहिली तर तो चुकू शकतो.

तक्रारी आहेत. सॉफ्टवेअर किचकट आहे, मॅन्युअल अर्धवट, पहिल्या आठवड्यात चालू करताना हलका ठक व्हायचा, तो रिमोट वायरला (ॲम्प चालू करायचा इशारा देणारी वायर) डिले, म्हणजे थोडा उशीर, दिल्यावर गेला. उन्हाळ्यात सीटखाली ॲम्प बराच तापतो. पण सगळ्यात त्रास झाला तो घुमण्याचा. डिकीत छोटा वूफर लावल्यावर हळू चालताना एक मंद घूं घूं सुरू झाली, गाणं बंद असतानाही, तीन दिवस मला कळेना. मग समजलं की गाडीत ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन आहे, छतातले माइक इंजिनाचा आवाज ऐकून स्पीकरमधून उलटा आवाज सोडतात, आणि नव्या ॲम्पने त्याचं गणित बिघडलं होतं. माइकचे कपलर काढले, घुमणं संपलं. हे ॲम्पवाल्याने डब्यावर लिहायला हवं होतं.

पॉवरच्या आकड्यांबद्दल एकच सांगतो. स्टिरिओवर ५० गुणिले ४ (चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॉट) लिहिलेलं असतं, पण १४.४ व्होल्टवर ४ ओहमला जास्तीत जास्त २६ वॉटच्या आसपास निघू शकतात, गणितच तसं आहे. म्हणून आरएमएस (सतत निघणारी पॉवर) बघा, आणि सीईए-२००६ (गाडीच्या ॲम्पची पॉवर मोजायचं मानक, आता सीटीए-२००६) प्रमाणे मोजलेला आकडा असेल तर त्यावर विश्वास ठेवा.

ज्यांच्या गाडीत मुळात वेगळा ॲम्प नाही आणि ४ ओहमचे चार स्पीकर आहेत त्यांनी हे घ्यायची गरज नाही, आधी पुढचे दोन स्पीकर बदला आणि दरवाज्याच्या आत डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी) लावा, पुष्कळ फरक पडेल. ॲम्पवाल्या गाडीत मात्र मी हेच परत घेईन, पाचपैकी साडेचार. कंपनीचा जुना ॲम्प आणि पुढचे जुने स्पीकर पिशवीत घालून ठेवलेत, गाडी विकायची वेळ आली तर ॲम्प त्याच कपलरवर वीस मिनिटांत परत बसतो, दरवाज्यांना थोडा जास्त वेळ लागेल.