फॉर्म की मुलाखत?

भाचीचा एमएचा प्रबंध निपाणीच्या विडी कामगार बायकांवर आहे. "मामा, फॉर्म भरून घेऊ की बसून बोलू?"

खर्चात फार फरक नाही. तिकडे झेरॉक्स, इकडे बसचं तिकीट. वेळ मात्र दोन्हीकडं जातो. ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चुकण्याची मुभा धरली, तर फॉर्मसाठी साधारण ३८५ बायका लागतात. त्याही यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या. आत्याच्या गल्लीतल्या धरून चालत नाही. मुलाखती पंधरा-वीस पुरतात, पण तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला चार-पाच तास मोडतात.

आपल्या सीमाभागात खरी मेख भाषेची. फॉर्म मराठी-कन्नड दोन्हीत हवा, आणि कन्नड फॉर्म तिसऱ्याकडून परत मराठीत आणून ताडायला हवा. हजार विड्यांमागं मजुरी किती, हे फॉर्म सांगतो. खराब म्हणून किती विड्या बाजूला काढल्या, हे मांडीवर सूप घेतलेली बाई हात न थांबवता, बोलता बोलता सांगते.

'किती' मोजायचं असेल तर फॉर्म घे. तुझा प्रश्न 'मुली या कामात का येत नाहीत' असा आहे. तू बोलायलाच बस. रेकॉर्डिंगआधी त्यांची परवानगी विचार तेवढी.