आठ महिने, एक प्रोजेक्टर आणि ओठांशी न जुळणारा आवाज

मागच्या आठवड्यात आमचा प्रोजेक्टर पुण्याच्या सेवा केंद्रातून दुसऱ्यांदा परत आला, म्हणून आठ महिन्यांच्या वापराचा अनुभव लिहीत आहे. आम्ही पाच मित्रांनी प्रत्येकी ३,७०० रुपये काढून तो घेतला आणि जुळे सोलापुरातील माझ्या गच्चीवर दर शनिवारी रात्री एक वेस्टर्न, म्हणजे घोडेस्वार आणि बंदुकांचा काउबॉयपट, पाहण्याचा नेम धरला. त्याची कागदावरची माहिती सगळीकडे मिळते, ती येथे पुन्हा देत नाही.

माझी मोठी तक्रार आवाजाची होती. पहिल्याच शनिवारी ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ लावला आणि अर्ध्या तासात माझा रसभंग झाला, कारण माणसांचे ओठ एक बोलत होते आणि कानावर दुसरेच येत होते. ब्लूटूथवरून आवाज किंचित उशिरा पोहोचतो हे ठाऊक असल्यामुळे मी स्पीकर वायरने जोडला, तरी फरक पडला नाही. मग प्रोजेक्टर पुण्याला पाठवला. तेथून ‘दोष आढळला नाही’ असा शेरा आला आणि तपासणीचे ६५० रुपये घेतले गेले. मी दोन दिवस फोनवर भांडलो.

उलगडा झाला तो आमच्यातल्या यंत्रमागाच्या कारखान्यात काम करणाऱ्या मित्रामुळे. तो म्हणाला, “क्लिंट ईस्टवुडचे ओठ बऱ्यापैकी जुळतात आणि त्याच्यासमोरच्या सैनिकाचे मात्र जुळत नाहीत, दोष यंत्रात असता तर दोघांचेही चुकले असते.” त्याचे म्हणणे बरोबर होते. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या या १९६६ च्या चित्रपटात प्रमुख नट इंग्रजीत बोलत, इतर अनेक जण इटालियन किंवा स्पॅनिशमध्ये, आणि सगळा आवाज चित्रीकरणानंतर भरलेला आहे. खात्री करण्यासाठी आम्ही त्याच वायरवर १९५२ चा अमेरिकन वेस्टर्न ‘हाय नून’ लावला. त्यातल्या नायकाचा, गॅरी कूपरचा, शब्द न् शब्द ओठांवर बसला. त्या केंद्रावरचा माझा आरोप मी मागे घेतो. ६५० रुपयांचा राग मात्र मागे घेत नाही, कारण ‘दुसरा चित्रपट लावून पाहा’ एवढे एक वाक्य त्यांना फुकट सांगता आले असते.

तेव्हापासून आमची निवडच बदलली. चित्रपटातला आवाज चित्रीकरणाच्या वेळचाच आहे की नंतर भरलेला, हे मी आधी पाहतो. संवादांवर चालणारे वेस्टर्न अमेरिकन निवडतो. इटालियन निवडायचे तर ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’सारखे, ज्याच्या आरंभी स्टेशनवर गाडीची वाट पाहणारी तीन माणसे कितीतरी मिनिटे जवळजवळ बोलतच नाहीत. करकरणारी पवनचक्की, टोपीवर ठिबकणारे पाणी, चेहऱ्यावर बसलेली माशी, एवढेच ऐकू येते. त्या रात्री शेंगाचटणीचा डबा उघडायलाही कोणी हात पुढे केला नाही. इंग्रजी उपशीर्षके वाचताना मागे पडणाऱ्या आमच्या दोघांनाही तो चित्रपट पूर्ण कळला, याचा मला फार आनंद आहे.

चित्र चांगले आहे. रुंद चित्रपटांत वर-खाली राहणारे पट्टे काळे न दिसता राखाडी दिसतात, पण दहा मिनिटांत त्यांचा विसर पडतो.

उन्हाळ्यात मात्र या यंत्राने त्रास दिला. मे महिन्यात रात्री दहा वाजताही आमच्या गच्चीची फरशी पायाला गरम लागते, आणि दीड तास उलटला की प्रोजेक्टर तापून बंद पडे. त्यामुळे दोन महिने ‘हाय नून’सारखे, म्हणजे ८५ मिनिटांच्या आसपासचे, चित्रपट शोधावे लागले. जूनमध्ये चित्राच्या उजव्या कोपऱ्यात धुळीचा डाग उमटला. धूळ आत जात नाही, असे विकताना सांगितले होते; दुरुस्तीच्या वेळी मात्र धूळ वॉरंटीत बसत नाही असे सांगून १,४०० रुपये घेतले. ही फसवणूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तो पूर्ण थंड झाला की जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवतो. सध्या पावसामुळे गच्ची बंद आहे, म्हणून या शनिवारी आतल्या खोलीत ‘हाय नून’ पुन्हा लावणार आहोत. या वेळी तो सगळ्यांनीच मागितला आहे.