ड्रायसूटच्या सीलपायी ₹१५,८०० बुडाले

ड्रायसूट म्हणजे पाणी आत येऊ न देणारा, पाण्यात उतरायचा सूट, आणि सील म्हणजे त्याच्या मानेला नि मनगटांना घट्ट बसणारी नळी. आधी आकडे सांगतो. मानेचं सिलिकॉन सील ₹७,४००, मनगटांची जोडी ₹५,२००, कुरिअर ₹३५०, आणि माल 'कस्टममध्ये अडकलाय' म्हणून नंतर उकळलेले ₹२,८५०. एकूण ₹१५,८००. हातात आली ती रबराची तीन पातळ नळकांडी. माझ्या सूटच्या रिंगांवर ती बसत नाहीत, आणि सिलिकॉनची तर मुळीच नाहीत.

बडोद्यात ड्रायसूट कशाला, हे मला घरच्यांपासून ठाण्यातल्या हवालदारापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. थंडीसाठी नाही हो, घाणीसाठी. मी पाण्याखालची कामं घेतो: पंपहाऊसचे संप (पाणी साठवायचे खड्डे), इनटेक विहिरींच्या जाळ्या, कारखान्यांच्या टाक्या. महीकाठच्या फ्रेंच वेलचं (नदीतल्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीचं) पाणी एक वेळ परवडलं, पण जिथे नाल्याचं पाणी मिसळतं तिथे वेटसूट, म्हणजे पाणी आत घेणारा सूट, घालून उतरायचं म्हणजे तेच पाणी अंगाला चोळून घ्यायचं. ड्रायसूट पाणी आत येऊ देत नाही, आणि त्याची सगळी भिस्त मानेच्या नि मनगटांच्या सीलवर असते.

पूर्वी माझ्याकडे लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, सील होती, चिकटवलेली. लॅटेक्सला ऊन, तेल आणि ओझोन तिन्ही बाधतात. चालत्या विजेच्या मोटरीजवळ सूट टांगू नका म्हणतात ते त्या ओझोनमुळेच. आमच्याकडच्या मे महिन्यात तर ते नुसतं ठेवूनही चिकट होतं. वर माझ्या मानेवर लॅटेक्सने चट्टे उठतात. म्हणून सूटला रिंगा बसवून घेतल्या. आता सील फाटलं तर रिंगमधून ओढून काढायचं, नवीन दाबून बसवायचं, गोंद लावून वाळत ठेवायची भानगडच नाही. सिलिकॉन मऊ असतं, त्वचेला बरं. पण जरा चीर गेली की सर्रकन फाटतं, त्यामुळे जास्तीचा जोड जवळ लागतोच. तोच जोड मी शोधत होतो. अधिकृत विक्रेता म्हणाला, माल बाहेरून येईल, थांबावं लागेल. इकडे कामाची तारीख ठरलेली. थांबून काय करणार होतो?

मला गंडवणारा हा माणूस 'मुंबईचा इम्पोर्टर'. माल 'रेडी स्टॉक'मध्ये. फोनवर अस्सल मराठी. "बडोद्याचे का तुम्ही? आमच्या आत्याचं घर दांडिया बाजारात होतं." इथे राहणाऱ्या मराठी माणसाला असं कोणी म्हटलं की पुढचं निम्मं काम झालेलंच असतं. आत्याचं आडनाव विचारायला हवं होतं. दांडिया बाजारात ते कोणीतरी ओळखलंच असतं.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडाली ती. खरा विक्रेता भाव सांगायच्या आधी विचारतो: रिंग कोणत्या बनावटीची? मनगटाची गोल की लांबट? एका बनावटीचं सील दुसरीच्या खाचेत बसत नाही, एकाच कंपनीतसुद्धा प्रकार वेगवेगळे असतात. ह्याने विचारला फक्त पिनकोड. मीच म्हटलं, "रिंगमध्ये बसेल ना?" तर म्हणतो, "दादा, युनिव्हर्सल आहे, कुठेही बसतं. आणि रिंग नसली तरी साध्या सोल्युशनने चिकटवून टाका."

सिलिकॉन, आणि साध्या सोल्युशनने! सिलिकॉनला सिलिकॉनच्या गोंदाशिवाय काही धरत नाही. म्हणून तर त्याला रिंगा लागतात. माझ्या मदतनीस पोरांना मी हेच घोकून घोकून सांगतो. आणि ते वाक्य कानावर पडल्यावर मी काय विचारलं? "दोन्ही घेतले तर काही कमी कराल?" त्या वेळी मी साइटवर होतो, कॉम्प्रेसर धडधडत होता, वर उभा असलेला इंजिनिअर घड्याळ दाखवत होता. अशा वेळी शब्दन् शब्द तोलत कोण बसतं?

बिल आलं तेही पाहून ठेवलं असतं तर बरं. पत्ता मुंबईचा, पण जीएसटी नंबरची सुरुवात ०७ ने. ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा २७ असतो, आपला गुजरातचा २४. वर मुंबईहून बडोद्याला विकलेल्या मालावर सीजीएसटी आणि एसजीएसटी लावलेला. दुसऱ्या राज्यात माल गेला तर आयजीएसटी लागतो, हे आमच्या गल्लीतला किराणावालाही सांगेल. नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाका, मिनिटभराचं काम आहे.

आणि ते ₹२,८५०. 'रेडी स्टॉक'मधला माल कस्टममध्ये अडकतो कसा, हे मी विचारलं होतं हं. म्हणाला, "लॉट एकत्र आलाय, तुमचा भाग सोडवून घेतो." ₹१२,९५० आधीच गेलेले होते, ते वाचवायला हे पाठवले. कस्टमचे पैसे कोणाच्या खासगी यूपीआयवर जात नाहीत. कधीच नाही.

पार्सल उघडलं आणि रबराचा वास आला. चांगल्या सिलिकॉनला असा वास येत नाही. रिंगच्या खाचेत अडकायला सीलच्या काठाला जाड गोल कड लागते. ह्यांचा काठ कात्रीने कापल्यासारखा सपाट. आतून पांढरी पूड भरभरून मारलेली, ती झटकली तर खाली ताणल्याच्या रेषा. एक कोपरा कापून काडी लावली: काळा धूर, चिकट काळा गोळा. सिलिकॉन जळालं की पांढरी राख राहते. फोन लावला, नंबर बंद.

इथून पुढची गंमत वेगळीच. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार तुमच्या मर्जीने झालाय. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन उचलला, तक्रार नोंदवली, नंबरही दिला, पण पार्सल हातात येईपर्यंत पैसे त्याच्या खात्यातून पुढे गेलेले. (पैसे गेल्याचं कळताच १९३० लावा, पार्सलची वाट पाहत बसू नका.) ठाण्यात साहेब म्हणाले, "आ तो सिविल मॅटर छे, भाई. माल तो आव्यो ने?" माल आला म्हणे! मागवलं सिलिकॉन, आलं भलतंच, तरी माल आला! ड्रायसूट म्हणजे काय, रेनकोट का, असं दोघांनी विचारलं आणि दोघेही हसले. ह्याच शहरात २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री घराघरात शिरली, मगरी रस्त्यावर आल्या. पाण्यात उतरणारी माणसं लागतात हे तेव्हा सगळ्यांना पटलेलं होतं.

मग ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथून जिल्हा ग्राहक आयोगाकडे बोट. आयोगाच्या खिडकीवरचा कारकून म्हणतो, "तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही." हे ऐकून घरी आलात तर फसलात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलंय की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात मोजत नाहीत. मी स्वतः त्या संपात उतरतो, माझी काही फॅक्टरी नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. हे कलम मीच शोधलं, प्रत मीच काढली, आणि खिडकीवर मीच वाचून दाखवलं. तेव्हा कुठे कागद घेतला. पुढची तारीख अजून दिलेली नाही.

परवा एका मित्राने जाहिरात पाठवली, "हा चांगला वाटतोय, बघ." नाव वेगळं, नंबर वेगळा, फोटो मात्र तोच, निळ्या चौकड्यांच्या टेबलक्लॉथवर मांडलेली सील. मानेचा भाव आता ₹६,९०० केलाय, आणि खाली लिहिलंय: सर्व रिंगांना चालेल.