३०० यार्डांवरची भोकं खरंच दिसतात का? ८० मिमी स्पॉटिंग स्कोप, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

स्पॉटिंग स्कोप म्हणजे रायफलच्या नेमबाजीत टार्गेटचा कागद लांबून बघायची एकडोळी दुर्बीण. निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांची सुटका. १०० यार्डांवर गोळीचं भोक कधीही दिसतं. २०० वर बहुतेक वेळा. ३०० वर सकाळी दहाच्या आत, तेही कागद नीट निवडला असेल तर. ६०० वर नाही. खोक्यावर ६० पट लिहिलेलं असो की ८० पट, नाही.

आता सविस्तर. मी टेक्सासमध्ये राहतो. आमच्या क्लबच्या रेंजवर १००, २००, ३०० आणि ६०० यार्डांच्या लाइन आहेत. माझ्याकडे रायफली दोन: एक .२२ आणि एक ६.५ क्रीडमोर (ही त्यांच्या काडतुसांची नावं; पहिलं छोटं, दुसरं लांब पल्ल्याचं). स्कोप २०-६०×८०, म्हणजे झूम २० ते ६० पट आणि पुढची काच ८० मिलिमीटरची. आयपीस, म्हणजे डोळा लावायचा भाग, ४५ अंशांत वळलेला. सहाशे डॉलरच्या आसपास पडला. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर घेतला होता, आता दुसरा उन्हाळा डोक्यावर आलाय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीतले तीन-चार स्कोप रेंजवर मित्रांकडून घेऊन शेजारी शेजारी लावून पाहिलेत. फरक काचेत कमी आणि खोक्यावरच्या मजकुरात जास्त.

घ्यायची गरज का पडली, तर आमच्याकडे लाइन साधारण अर्ध्या तासाने 'कोल्ड' होते. तेव्हा सगळ्यांनी रायफली रिकाम्या करायच्या, चेंबरमध्ये झेंडी घालायची, हात बाजूला घ्यायचे आणि मग टार्गेटपर्यंत जायचं. तोपर्यंत कागदावर काय झालंय ते इथूनच बघायचं. रायफलवरचा माझा स्कोप १६ पटीचा. २०० पर्यंत तो कसाबसा निभावतो. ३०० ला पाच गोळ्या झाडल्या की दुसरी कुठे गेली आणि चौथी कुठे, काही पत्ता नाही. झिरो करताना, म्हणजे रायफलच्या स्कोपमधला नेम आणि गोळी लागायची जागा जुळवताना, हे फार महागात पडतं, कारण क्रीडमोरची चांगली गोळी काही स्वस्त नाही.

दुकानात जे गणित सांगतात ते असं. नावात ६.५ असलं तरी क्रीडमोरची गोळी ६.७ मिलिमीटर जाड. १०० यार्डांवरून ते भोक डोळ्यापाशी साधारण १५ आर्कसेकंदांचा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) कोन करतं, ३०० वरून ५ आणि ६०० वरून अडीच. चांगल्या नजरेची मर्यादा ६० आर्कसेकंदांच्या आसपास, म्हणून नुसत्या डोळ्याने १०० यार्डांवरही काही दिसत नाही. पण ८० मिलिमीटरची काच तत्त्वतः दीड आर्कसेकंदापर्यंतचा बारकावा वेगळा दाखवू शकते. म्हणजे ६०० यार्डही जमायला हवेत! गणितात चूक नाही. फक्त त्यात हवा धरलेली नाही.

आणि टेक्सासात जूनमध्ये हवाच सगळं ठरवते. नऊपर्यंत चित्र स्वच्छ असतं. कागदाची कड, स्टेपलरची पिन, मागच्या वेळच्या भोकावर चिकटवलेलं पॅच, सगळं वेगवेगळं दिसतं. दहानंतर जमीन तापली की गरम हवेचे थर वर चढायला लागतात, प्रत्येक थर प्रकाश थोडा वेगळा वाकवतो, आणि ६०× वर टार्गेट पिठल्यासारखं रटरटायला लागतं. झूम वाढवून काही उपयोग नाही, कारण झूम भोकाबरोबर हे रटरटणंही, म्हणजे मिराजही, तेवढंच मोठं करतं. मी २५ ते ३० वर येऊन थांबतो. तिथे भोक बारीक दिसतं, पण स्थिर दिसतं. ६०× चा आणखी एक तोटा: ८० ला ६० ने भागलं की डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत जेमतेम १.३ मिलिमीटरचा उरतो. चित्र अंधारतं, डोळा केसभर हलला की काळोख. २०× ला हाच झोत ४ मिलिमीटरचा असतो. चष्मा असेल तर हाल आणखी, कारण मोठ्या झूमला डोळा आयपीसच्या अगदी जवळ न्यावा लागतो आणि चष्म्याची काच मध्ये येते. मला चष्म्यातून ४० च्या पुढे फक्त मधला गोल दिसतो, कडा कापल्या जातात. चष्मेवाल्यांनी घेण्याआधी हे दुकानात तपासावं. त्या एका गोष्टीवर स्कोप बाद करायला हरकत नाही.

जास्त पैसे टाकले तर? क्लबातल्या एका काकांकडे कोवाचा ८८ मिलिमीटरचा, फ्लोराइट काचेचा स्कोप आहे. किंमत माझ्याच्या कितीतरी पट. हिवाळ्यातल्या ढगाळ सकाळी, पाऊस पडून गेल्यावर, त्यांनी बोलावून दाखवलं. ३०० वरची भोकं कापल्यासारखी स्वच्छ दिसत होती, कडांना जांभळी झाक नाही. मी गप्प झालो. जुलैच्या दुपारी मात्र त्यांचाही स्कोप आणि माझाही सारखेच आंधळे. उरलेल्या पैशांत किती गोळ्या येतील, एवढाच मग प्रश्न.

या स्कोपमधून मला खरा फायदा मिळाला तो वेगळाच. ६०० यार्डांवर मी तो भोकं बघायला लावतच नाही, वारा बघायला लावतो. टार्गेटवर फोकस करून मग तो थोडा अलीकडे आणायचा. कागद धूसर होतो आणि हवेच्या लाटा स्पष्ट दिसतात. त्या डावीकडून उजवीकडे वाहताहेत की उलट, जोरात की सावकाश, हे काही दिवसांत डोळ्यात बसतं. लाटा सरळ वर उभ्या राहून उकळायला लागल्या, तर वारा एकतर पडलाय किंवा समोरून-मागून आहे. मी अशा वेळी बोट ट्रिगरवरून काढतो, कारण पुढच्या क्षणी वारा कुठूनही येऊ शकतो. शिवाय मित्र मागे बसून बघत असेल तर त्याला गोळीची रेघ दिसते, हवेतून सरकणारी एक कमान. कागदावरचं भोक न दिसताही 'उजवीकडे अर्धा हात' हे तो त्या रेघेवरून सांगतो.

दर गोळीनंतर भोक शोधायची सवय ६०० च्या पुढे जुन्या लोकांना कधीच नव्हती. इंग्लंडमध्ये बिस्लीच्या रेंजवर १८९० पासून स्पर्धा होताहेत आणि तिथल्या स्टिकलडाउन रेंजवर १००० यार्डांच्या पलीकडून नेम धरतात. तिथे टार्गेटखाली खंदकात माणसं बसतात. गोळी लागली की ती टार्गेट खाली ओढतात, भोकात एक चकती बसवतात आणि पुन्हा वर करतात. नेमबाज बघतो ती चकती, भोक नव्हे. अमेरिकेत कॅम्प पेरीच्या रेंजवर लांबच्या अंतरांना हीच पद्धत. इतकी वर्षं जगातले उत्तम नेमबाज जे काचेतून बघू पाहत नाहीत, ते सहाशे डॉलरच्या स्कोपने दाखवावं ही अपेक्षा मी तरी सोडून दिली.

आता कागद. स्कोपपेक्षा याने जास्त फरक पडतो आणि खर्च चार आणे. काळ्या बुलमधलं, म्हणजे टार्गेटच्या मधल्या काळ्या वर्तुळातलं, भोक म्हणजे काळ्यावर काळं. टोकदार गोळी कागद पंचिंग मशीनसारखा कापतही नाही. ती तंतू बाजूला सारून जाते, आणि ते तंतू परत जवळ येतात, त्यामुळे भोक गोळीपेक्षा लहानच दिसतं. पांढऱ्या भागात त्याभोवती गोळीने पुसलेली राखाडी कडा असते, स्कोपमधून आपण खरं तर तीच ओळखतो. काळ्यात ती कडाही गायब. म्हणून मी मोठं काळं वर्तुळ टाळतो. पांढऱ्या कागदावर एक इंचाचा केशरी चौकोन चिकटवतो, नेम त्यावर धरतो, आणि रायफलच्या स्कोपच्या टरेटवर, म्हणजे नेम वर-खाली करायच्या चकतीवर, तीन इंच वर डायल करतो. ग्रुप, म्हणजे लागोपाठच्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, कोऱ्या पांढऱ्यात पडतो, नेमाची खूणही फाटत नाही.

कागदामागे काय आहे तेही बघा. आमच्या काही फ्रेमना मागे पुठ्ठा असतो, काही नुसत्या चौकटी. सूर्य मागच्या मातीच्या बांधावर पडत असेल तर उघड्या चौकटीवर लावलेल्या कागदातून भोकं उजेडाच्या ठिपक्यांसारखी चमकतात, अगदी काळ्या बुलमध्येही. त्याच कागदामागे पुठ्ठा असला की तो उजेड बंद. सकाळी लवकर गेलं की मी चौकटीवाली जागा पकडतो. यावरून एका गृहस्थांशी थोडी बाचाबाचीही झाली आहे, ते जाऊ द्या.

बर्चवुड केसीचे शूट-एन-सी स्टिकर बरेच जण सुचवतात. गोळी लागली की भोकाभोवतीचा काळा थर उडतो आणि खालचा पिवळट हिरवा रंग उघडा पडतो. ३०० वर रायफलच्या स्कोपमधूनही दिसतं, वादच नाही. झिरो करायला उत्तम. ग्रुप मोजायला वाईट. तीन गोळ्या जवळजवळ लागल्या की सगळा भाग एकच पिवळा डाग होतो, आणि तुमचा चांगला ग्रुप नेमका तुम्हालाच बघता येत नाही. थर उडून खाली कचराही पडतो, तो शेवटी आपणच वेचायचा.

हिवाळ्यात टार्गेट कॅमेराही घेतला. टार्गेटच्या थोडा पुढे आणि बाजूला, गोळीच्या वाटेबाहेर ठेवायचा. तो वाय-फायवर टॅबला चित्र पाठवतो आणि ॲप नवीन भोक लुकलुकवून दाखवतं. ६०० ला जे स्कोप करू शकत नाही ते हा आरामात करतो, कारण त्याच्या आणि कागदाच्या मधे हवाच जेमतेम दोन-चार पावलांची. तक्रारी आहेत. फोनला 'या वाय-फायवर इंटरनेट नाही' असं वाटलं की तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि चित्र गोठतं. मोबाइल डेटा बंद करून बसा. उन्हात टॅब तापून बंद पडतो, त्याला टेबलाखाली सावलीत ठेवावं लागतं. कॅमेरा मांडायला आणि काढायला लाइन कोल्ड व्हायची वाट बघावी लागते. आणि शेजारच्या लेनवाल्याचा नेम कसा आहे, हे कॅमेरा ठेवायच्या आधी बघून घ्या.

लोखंडी प्लेट हा आणखी एक सोपा मार्ग. पांढरा स्प्रे मारा, गोळीचा राखाडी फुलोरा स्कोपमधून ६०० वरही दिसतो. 'टण्ण' ऐकू येतं ते दोन-अडीच सेकंदांनी, कारण आवाजालाच परत यायला दीड सेकंदाच्या वर लागतो. पण प्लेटवर ग्रुप इंचात मोजता येत नाही, आणि १०० यार्डांवर रायफलने प्लेट मारायला आमच्याकडे बंदी आहे, योग्यच आहे.

ट्रायपॉडबद्दल लोक लिहीत नाहीत म्हणून लिहितो. स्कोपबरोबर आलेला टेबलावरचा छोटा ट्रायपॉड मी कपाटात टाकला. ज्या बाकावर रायफल आहे त्याच बाकावर स्कोप ठेवला की प्रत्येक गोळीला तो हलतो, आणि शेजाऱ्याच्या रायफलला मझल ब्रेक (नळीच्या तोंडावरचा, वायू बाजूला फेकणारा तुकडा) असेल तर बघायलाच नको. जमिनीवर उभा राहणारा जड ट्रायपॉड घ्या, मधल्या दांड्याला वाळूची पिशवी टांगा. उंच उभा केला तर आणखी एक फायदा: नजरेची रेषा तापलेल्या जमिनीपासून थोडी वर राहते. मी उजव्या हाताचा, त्यामुळे स्कोप डावीकडे आणि आयपीस माझ्याकडे फिरवलेला. गाल स्टॉकवरून (रायफलच्या दस्त्यावरून) फारसा न उचलता डाव्या डोळ्याने बघता येतं. वळलेला आयपीस घ्यायचं हे एकच कारण मला पुरेसं आहे.

मिराज असताना एक युक्ती चालते. फोन ॲडॅप्टरने आयपीसला लावा, दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि मग तो फ्रेम फ्रेम पुढे सरकवा. हवा अधूनमधून क्षणभर थांबते, आणि त्या एखाद्या फ्रेममध्ये डोळ्याला न दिसलेलं भोक सापडतं. ३०० ला माझं काम यावर बऱ्याचदा भागलंय.

घरून एक प्रश्न नेहमी येतो. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा प्रत्येक गोळीचे गुण लगेच पडद्यावर येत होते. 'तुमच्याकडे अमेरिकेत तसं नाही का?' असं मावशीने फोनवर विचारलं. आहे, मावशी. आमच्याकडे काही जण लांब अंतरासाठी चार कोपऱ्यांत मायक्रोफोन असलेलं टार्गेट वापरतात. गोळी आवाजापेक्षा वेगात जाताना जो कडाका उठतो, तो कोणत्या कोपऱ्यात कधी पोचला यावरून ते जागा काढतं. माझ्या .२२ ची मंद गोळी त्याला ऐकूच येत नाही.

पुण्या-मुंबईत किंवा कोल्हापुरात ५० मीटरला कागदावर सराव करणाऱ्यांनी मात्र एवढा मोठा स्कोप घेऊ नये. ५.६ मिलिमीटरचं भोक ५० मीटरवर २३ आर्कसेकंदांचं असतं, त्याला ६० मिलिमीटरची काच आणि २०-३० पट झूम भरपूर झालं. दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे गोळी त्याच्या नेमकी कुठल्या बाजूला लागली हे दिसलं की काम झालं. वाचलेले पैसे ट्रायपॉडवर घाला. भिगवणला फ्लेमिंगो बघायचा बेत असेल तरच ८० मिलिमीटरचा विचार करा.