बोटीच्या मोटरचे कूलिंग: हिंगण्यातील एका वर्कशॉपच्या कामाचा अनुभव

आमच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेची सहा मीटर लांबीची फायबरची बोट रामटेक तालुक्यातील एका तलावात जाळ्यांच्या पाहणीसाठी फिरते. डिझेल इंजिन काढून तिच्यावर ४८ व्होल्टची, ५ किलोवॅटची विजेची मोटर बसवली, त्यानंतर मार्च संपेपर्यंत सारे सुरळीत चालले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मात्र वीस-पंचवीस मिनिटांतच कंट्रोलर, म्हणजे मोटरला मिळणारी वीज नियंत्रित करणारा भाग, तापून आपोआप शक्ती कमी करू लागला आणि बोट भर पाण्यात रेंगाळू लागली. मोटरच्या कवचात पाणी फिरवण्याची वाट मुळातच होती. परंतु विक्रेत्याने ती न वापरता बाहेरून एक पंखा लावून दिला होता, आणि तो पंखा बंद खणातील ५५ अंशांची हवाच पुन्हा पुन्हा फिरवत होता. म्हणून पाण्याची व्यवस्था करून घेण्यासाठी आम्ही नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीतील एका लहान वर्कशॉपकडे गेलो. कामाचे कौतुक आणि तक्रार दोन्ही असल्याने त्यांचे नाव येथे देत नाही.

नागपुरात गारव्याची गोष्ट निघाली की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे खसाच्या ताट्यांचा कूलरच येतो, त्यामुळे इथेही कुणीतरी मोठा पंखा सुचवील अशी माझी अटकळ होती. मालकांनी तसे काही न करता पहिला प्रश्न विचारला तो असा, की बोट सलग किती वेळ आणि किती भाराने चालते? हा प्रश्न नेमका होता. ई-रिक्षाची मोटर उतारावर आणि सिग्नलवर उसंत घेते. बोटीचा पाण्याखालचा पंखा (प्रोपेलर) मात्र सुरू झाल्यापासून किनारा येईपर्यंत पाणी ढकलत असतो. त्यामुळे मोटरवर छापलेल्या कमाल शक्तीपेक्षा ती अखंड किती शक्ती देऊ शकते, हाच आकडा येथे कामाचा ठरतो. आमची बोट सरासरी ३ किलोवॅटवर चालते, असे मीटरच्या नोंदींवरून निघाले. मोटर आणि कंट्रोलर मिळून त्यात साधारण साडेपाचशे वॅट उष्णतेत जातात, असा हिशेब त्यांनी समोर बसून मांडला. मिनिटाला ६ लिटर पाणी फिरवले, तर एवढ्या उष्णतेने त्याचे तापमान सव्वा-दीड अंशानेच वाढते. म्हणजे उष्णता मोटरमधून उचलणे अवघड नव्हते. ती तलावात सोडायची कशी, हा खरा प्रश्न होता.

तलावाचे पाणी थेट ओढून मोटरमधून फिरवून परत सोडणे हा स्वस्त मार्ग होता. तो त्यांनी नाकारला, आणि माझ्या मते योग्यच केले. आमच्या तलावात जलपर्णी आणि शेवाळ भरपूर आहे, पावसाळ्यात गाळही येतो. पाणी ओढणाऱ्या नळीची जाळी दर फेरीला तुंबली असती आणि मोटरच्या आतल्या अरुंद वाटांत क्षार व चिखल साचून बसला असता. त्याऐवजी कूलंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा द्रव, आतल्या आत फिरवणारी बंद व्यवस्था करून त्यांनी बोटीच्या तळाला बाहेरून चार मीटर पाइप बसवला, म्हणजे कूलंट त्या पाइपातून जाताना तलावाच्या पाण्यात उष्णता सोडते.

हा पाइप स्टेनलेस स्टीलचा पाहून मी हरकत घेतली होती, कारण तांबे त्याच्या वीसपटींहून अधिक उष्णतावाहक असते. मालकांनी दिलेले उत्तर मला पटले. पाइपाची भिंत एक मिलिमीटरचीच असल्याने खरा अडसर धातूचा नसून पाइपाच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला चिकटून राहणाऱ्या पाण्याच्या थरांचा असतो. तांबे वापरूनही फारसा फायदा झाला नसता. शिवाय मोटरचे कवच ॲल्युमिनियमचे आहे, आणि एकाच कूलंटमध्ये तांबे व ॲल्युमिनियम आले की ॲल्युमिनियम झिजू लागते. कूलंट आधी कंट्रोलर थंड ठेवणाऱ्या पट्टीतून आणि मग मोटरमधून नेण्याचा क्रमही विचारपूर्वक ठेवला आहे, कारण कंट्रोलरमधील इलेक्ट्रॉनिक भागांना मोटरच्या तारांइतके तापमान सोसत नाही.

एवढी समज असलेल्या माणसांनी कूलंटची टाकी चुकीच्या जागी का बसवली, हे मात्र मला अजून उमगलेले नाही. टाकी ही संपूर्ण वाटेतील सर्वांत उंच जागी हवी, तरच अडकलेली हवा तिच्यात निघून जाते. यांनी ती सोयीसाठी बाकाखाली, मोटरच्या वरच्या तोंडापेक्षा खाली लावली. परिणामी पहिल्याच चाचणीत पंप नुसता गुणगुणत राहिला, मोटरमध्ये हवा अडकली आणि बाराव्या मिनिटाला कंट्रोलरने हात आखडता घेतला. भर उन्हात वल्ही मारत किनाऱ्याला यावे लागले. दुरुस्ती त्यांनी विनामूल्य केली, पण त्यासाठी आम्हाला तीन आठवडे ताटकळत ठेवले. कूलंट प्रत्यक्ष वाहते आहे की नाही हे दाखवणारे कोणतेही साधन त्यांनी दिले नव्हते, ते आम्ही मागून घेतले. जोडणीचा आराखडाही वहीच्या एका पानावर पेन्सिलीने काढलेला मिळाला. उद्या एखादी नळी बदलायची झाली तर दुसऱ्या कारागिराला त्यावरून काही कळणार नाही.

टाकी वर घेतल्यानंतर मे महिन्यात, बाहेर ४४ अंश असताना, सलग सव्वा तास बोट चालवून पाहिली. मोटर ६८ अंशांवर आणि कंट्रोलर ४७ अंशांवर स्थिरावला. मोटरमधील चुंबकांचा दर्जा कागदपत्रांत नमूद नसल्याने, साध्या दर्जाचे निओडिमियम चुंबक ८० अंशांपलीकडे क्षीण होऊ शकतात हे धरून त्यांनी इशाऱ्याची मर्यादा ७५ वर ठेवली आहे. वेग थोडा कमी ठेवण्याचा त्यांचा सल्लाही आम्ही पाळतो, कारण वेग एक पंचमांशाने घटवला की लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते आणि उष्णताही तशीच उतरते.

पंप, पाइप, टाकी आणि मजुरी मिळून ३८ हजार रुपये लागले, ते मला रास्त वाटतात. काम देताना टाकीची जागा, प्रवाहाचा दर्शक आणि छापील आराखडा या तीन गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात. आम्ही दर पंधरा दिवसांनी टाकीतील पातळी पाहतो. दुरुस्तीनंतर आजवर पाव लिटरही भर घालावी लागलेली नाही.