आजीची पेटी दुरुस्त करून आणली

नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या गल्लीतलं पेटी-तबल्याचं जुनं दुकान. आजीला जाऊन वर्ष होईल. शाळेत गणित शिकवायची, संध्याकाळी ओसरीवर पोरांकडून गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षेसाठी भूप राग घोटून घ्यायची. भूपात मध्यम-निषाद, म्हणजे ‘म’ आणि ‘नी’, वर्ज्य, कुणी चुकून ‘म’ लावला की म्हणायची, "आज तुझा लाडू कट!" घरातली लग्नंसुद्धा तिनं पेटीवर बोटं ठेवूनच ठरवली.

भाता फाटलेला, मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला ‘प’, मुका. दुकानातल्या काकांनी भाता नीट केला, सूर घासून जुळवले, पण पट्ट्यांवरचे तिच्या बोटांचे खळगे तसेच ठेवले. मी सांगितलंही नव्हतं.

बाकी दुकानानं दोन दिवसांचे अकरा केले, फोन उचलत नाहीत, पार्किंगच्या नावानं शंख. पेटी स्कूटरवर नेऊ नका, रिक्षाच करा.