बॉक्सिंगमध्ये प्रो (व्यावसायिक) व्हायची घाई असेल तर आधी या क्लबात जा

धाकटा भाऊ पिंपरीजवळच्या ज्या बॉक्सिंग क्लबात जातो त्याबद्दल ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

पत्र्याची शेड, एकच रिंग, ठोसे मारायच्या चार बॅगा, त्यातल्या एकीला चिकटपट्टी गुंडाळलेली. मुलींना कपडे बदलायला धड जागा नाही. हे मला फार खटकतं आणि सरांना तसं सांगितलंयही. तरी मी हाच क्लब सुचवेन, कारण इथे पोरांना बाउट, म्हणजे स्पर्धेतल्या लढती, खेळायला मिळतात.

याआधी भाऊ एका चकचकीत जिममध्ये जायचा. तिथल्या ट्रेनरने ‘सहा महिन्यांत प्रो करतो’ म्हणून पॅकेज गळ्यात मारलं होतं. ट्रेनरने धरलेल्या पॅडवर हात छान सुटायचे, पण समोरून उलट ठोसा आला की पठ्ठ्या मागे सरायचा. क्लबातल्या सरांनी त्याला जिल्हा स्पर्धेत उतरवलं. सकाळी वजन, मग ड्रॉ, तेव्हा कुठे कळतं समोर कोण ते. तीन मिनिटांचे तीन राउंड. जिंकलात तर पुन्हा वजन, पुन्हा नवा गडी.

एका बाउटला डावखुरा आला आणि पहिला राउंड सरळ हातचा गेला. मधल्या मिनिटात सर एवढंच म्हणाले, “डावा पाय त्याच्या उजव्याच्या बाहेर ठेव, आणि उजवा हात सरळ घाल.” दुसऱ्या राउंडला ठोसे लागायला लागले. बाउट हरला, पण डावखुऱ्याची भीती गेली. प्रोमध्ये हीच हार कायमची रेकॉर्डवर बसली असती.

विजेंदर सिंग 2015 मध्ये प्रो झाला तो तीन ऑलिंपिक खेळून, 2008 चं ब्राँझ गळ्यात घालून. युक्रेनचा बॉक्सर वासिल लोमाचेन्को, त्याचे तर अमॅच्युअरमध्ये (हौशी स्पर्धांत) 396 विजय आणि एकच हार. म्हणून तो दुसऱ्याच प्रो लढतीत जागतिक किताबासाठी उभा राहू शकला. तरीही मार्च 2014 मध्ये मेक्सिकोच्या ओर्लांडो सालिडोकडून हरला. सालिडो वजनात बसला नव्हता, त्यात मिठ्या मारून, कमरेखाली ठोसे घालून त्याने याला जेरीस आणलं. किताब मिळाला तो तिसऱ्या लढतीत.

तो धसमुसळेपणा आणि प्रो लढतींना लागणारा सहा-आठ राउंडांचा दम या क्लबात शिकवत नाहीत. सर स्वतःच सांगतात, त्यासाठी पुढे दुसरा कोच गाठा.

फी माफक आहे. हाताला गुंडाळायचं बँडेज आणि दातांसाठीचं माउथगार्ड स्वतःचे न्यावे लागतात. नवीन मुलाला लगेच स्पारिंगला (जोडीदारासोबतच्या सरावाच्या लढतीला) उभं करत नाहीत, आधी फूटवर्क आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) घोटून घेतात. डोक्याला जोराचा मार बसला तर डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय रिंगमध्ये पाऊल ठेवू देत नाहीत, मग स्पर्धा उद्यावर असो. स्पारिंग शनिवारी संध्याकाळी असतं. पालकांनी नाव घालण्याआधी तेव्हाच जाऊन बघावं; सर कोणाला अडवत नाहीत.